‘आई, तू ‘तरच’ म्हणाली नव्हतीस’

नागपूरहून एका आईचं पत्र आलं आहे. नाव, वस्ती, कॉलेज वगळून त्यातलं सार देते.

मुलगा बारावी सायन्सला. जूनमध्ये गणिताचा पहिलाच धडा लॉजिकचा निघाला आणि तेव्हापासून घरात एक वाक्य धड बोलायची सोय उरली नाही. ‘अभ्यास झाला तर मोबाईल मिळेल’ म्हटलं, तर अभ्यास न करताच मोबाईल घेऊन बसला. वर म्हणाला, ‘अभ्यास नाही झाला तर काय, ते तू सांगितलंच नाहीस. तू ‘तर’ म्हणालीस, ‘तरच’ म्हणाली नव्हतीस.’ वडील म्हणाले, ‘तू कधीच वेळेवर उठत नाहीस.’ उत्तर आलं, ‘२६ जानेवारीला साडेपाचला उठलो होतो. एक उदाहरण पुरतं. विधान असत्य.’ ‘चहा घे किंवा दूध घे’ म्हटलं तर दोन्ही संपवलं, कारण ‘किंवामध्ये दोन्ही चालतं’. ‘टॉपर मुलं रात्री दोनपर्यंत जागतात, मीपण जागतो, काळजी करू नका’ हेही ऐकवून झालं. मध्ये एकदा क्लासच्या टेस्टचं विचारलं तर म्हणाला, ‘मी दिलेल्या प्रत्येक टेस्टमध्ये पास आहे.’ नंतर कळलं की त्यानं एकही टेस्ट दिली नव्हती. वडिलांच्या मते हा उर्मटपणा आहे, दोन लगावल्या की उतरेल. आजी म्हणतात, ‘जाऊ दे वो, लेकरू हाये, तोंडी नको लागू त्याच्या.’ बाई स्वतः बीए, गणित दहावीला सुटलं. त्या लिहितात, ‘गणितानं माझा मुलगा वाया चालला. मला त्याच्या भाषेत उत्तर देता येत नाही, म्हणून मी आता गप्पच बसते. त्याला बोलू द्यावं की त्याचं तोंड बंद करावं?’

ताई,

तुमच्या पत्रात मुलाच्या बाजूनं बोलणारं आजींशिवाय कुणी दिसलं नाही, आणि आजीही ‘लेकरू हाये’ एवढ्यावर सोडून देतात. म्हणून आधी त्याची बाजू घेते. तो जे नियम सांगतो ते त्यानं मनचे काढलेले नाहीत. बारावीच्या पुस्तकात ते तसेच आहेत आणि परीक्षेत त्यांवर गुण मिळतात. हा धडा मी ज्युनिअर कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवला. मुलं ट्रुथ टेबल, म्हणजे विधान केव्हा खरं आणि केव्हा खोटं याचा तक्ता, पाठ करतात, पेपरात भरून येतात आणि विसरतात. घरी येऊन आईच्या वाक्याला तो नियम लावून बघणारा विरळाच. तुमच्यानं लावून बघितला, याचं मला तरी कौतुक वाटतं.

पण त्याची एक खोड तुमच्या नजरेतून सुटली आहे. तो प्रत्येक वेळी नियमाचा अर्धाच भाग लावतो आणि आपल्या सोयीचं हाती आलं की थांबतो. उरलेला अर्धा लावला की बहुतेक वेळा बाजी तुमच्याकडे येते. तुम्हाला वाटतं त्याला गणित जास्त झालंय. मला वाटतं, कमी पडलंय.

मोबाईलपासून सुरू करू. ‘अभ्यास झाला तर मोबाईल मिळेल’ हे सशर्त विधान. भूमितीत ‘तर’च्या आधीच्या भागाला पक्ष आणि नंतरच्याला साध्य म्हणतात. असं विधान एकाच परिस्थितीत खोटं ठरतं, पक्ष खरा झाला आणि साध्य घडलं नाही तर. म्हणजे अभ्यास झाला आणि तुम्ही मोबाईल दिला नाहीत. अभ्यास झालाच नाही, तर मोबाईल द्या नाहीतर देऊ नका, तुमचं वाक्य खोटं पडत नाही. इथपर्यंत तुमचा मुलगा बरोबर आहे.

आता उरलेला अर्धा. अभ्यास झाला नाही तर काय, याबद्दल तुमचं वाक्य मुळात बोलतच नाही. त्यातून ‘मोबाईल मिळणार नाही’ असं निघत नाही, तसंच ‘मोबाईल घ्यायला हरकत नाही’ असंही निघत नाही. त्यानं मात्र दुसरं परस्पर काढून घेतलं. पुढच्या वेळी आवाज न चढवता एवढंच विचारा, ‘बरं बाबा, माझ्या वाक्यावरून तुला मोबाईल नाकारता येत नाही, मान्य. मग कोणत्या वाक्यावरून तो तुला मिळाला?’ असं वाक्य त्याला सापडायचं नाही, कारण ते तुम्ही कधी उच्चारलेलंच नाही.

गणितवाले ‘तर’चा अर्थ इतका आखडून का धरतात, हेही समजून घ्या, नाहीतर हा सगळा नुसता शब्दच्छल वाटेल. तुमच्या शहरातलंच घ्या. मेट्रोची ऑरेंज लाईन आणि ॲक्वा लाईन सध्या सीताबर्डी या एकाच स्टेशनात एकमेकींना मिळतात. तेव्हा ‘कुणी एका लाईनवरून दुसरीवर गाडी बदलली, तर तो सीताबर्डीला उतरला होता’ हे पक्कं. आता हेच उलटं करा. ‘कुणी सीताबर्डीला उतरला, तर त्यानं गाडी बदलली.’ कशावरून? बर्डीवर खरेदीला आलेल्यांनी मग कुठे उतरायचं? या उलट्या वाक्याला व्यत्यास म्हणतात, आणि मूळ विधान खरं म्हणून व्यत्यास खरा होत नाही. तिसरं एक वाक्य आहे, ‘जो सीताबर्डीला उतरलाच नाही, त्यानं गाडी बदलली नाही.’ हे मूळ वाक्याइतकंच पक्कं. मुलाच्या पुस्तकात याला कॉन्ट्रापॉझिटिव्ह म्हणतात आणि परीक्षेत हमखास व्यत्यासाशी घोळ होतो तो याचाच.

‘तर’ला सगळीकडे ‘तरच’ समजायला लागलो, तर प्रत्येक प्रमेयाबरोबर त्याचा व्यत्यास फुकटात पदरात पडेल. चौरसाचे कर्ण समान असतात. पण कर्ण समान दिसले की चौकोन चौरसच आहे असं नाही, साध्या आयताचेही समान असतात. पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास खरा आहे, तरी दहावीच्या पुस्तकात तो वेगळं प्रमेय म्हणून येतो आणि त्याची सिद्धता वेगळी द्यावी लागते. युक्लिड या प्राचीन ग्रीक गणितज्ञानंही आपल्या भूमितीच्या ग्रंथात, पहिल्या खंडाच्या शेवटी ४७ आणि ४८ या क्रमांकांवर ती दोन्ही स्वतंत्रच ठेवली आहेत.

घरातली भाषा अशी चालत नाही, आणि चालूही नये. ‘आमच्याकडे प्रत्येक चौकात एक तर्री-पोहेवाला आहे’ असं तुम्ही पुण्याच्या पाहुण्याला सांगितलं, तर एकच माणूस सगळ्या चौकांत एका वेळी उभा आहे असं तो समजत नाही. ‘प्रत्येकासाठी एखादा’ आणि ‘सगळ्यांसाठी मिळून एकच’ हा फरक गणितात शब्दांच्या क्रमावर ठरतो. गप्पांत तो ऐकणारा आपल्या अकलेनं भरून घेतो. आईनं मोबाईलला घातलेली अट ‘तरच’ची असते, हे तुमच्या मुलाला कळत नाही असं मुळीच नाही. कळतं, म्हणूनच तर त्याला मजा येते. तेव्हा त्याच्याशी बसून एक ठरवून टाका. सवलती आणि कबुल्यांची वाक्यं गणिताच्या भाषेत, बाकी सगळं घरच्या भाषेत. जेवणाच्या ताटावर आजींच्या वाक्याचं खरंखोटं करायचं नाही.

कबुलीचं वाक्य नव्यानं कराल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. गणितात विधान म्हणजे ज्याचं खरं की खोटं हे ठरवता येतं असं वाक्य. ‘नीट अभ्यास कर’ हे विधानच नाही, ती आज्ञा झाली. ‘अभ्यास नीट झाला’ याचंही खरंखोटं ठरत नाही, कारण तुमचं ‘नीट’ वेगळं आणि त्याचं वेगळं. ‘आजची दहा उदाहरणं वहीत सोडवून झाली’ याचं ठरतं. दुसरी गोष्ट, ‘तर आणि तरच’ म्हणा, पण ते दोन्ही बाजूंनी बांधतं हे लक्षात ठेवून म्हणा. ‘तरच’ त्याला बांधतं, ‘तर’ तुम्हाला. दहा उदाहरणं झाली आणि नेमके पाहुणे आले, किंवा तुमचं डोकं दुखत होतं, म्हणून ‘आज राहू दे, उद्या घे’ असं झालं, की ‘तर’ खोटं पडायची ती एकमेव परिस्थिती तुमच्याकडून घडली. असं पूर्वी तुमच्या घरी घडलंय की नाही, पत्रावरून कळत नाही. बहुतेक घरांत घडतं.

‘किंवा’बद्दल मी त्याच्याशी वाद घालणार नाही. गणितातल्या ‘किंवा’त दोन्ही चालतात, आणि व्यवहारातही पुष्कळदा चालतात. ‘ज्येष्ठ नागरिक किंवा दिव्यांग यांच्यासाठी राखीव’ अशा जागेवरून दोन्ही असलेल्या माणसाला कुणी उठवत नाही. थाळीत ‘पोळी किंवा भाकरी’ म्हटलं की मात्र एकच मिळते. चहा-दुधाच्या वेळी तुम्हाला दुसरा ‘किंवा’ हवा होता. त्याला कोणत्या बटणानं पकडायचं, ते पुढे सांगते.

वडिलांचं ‘कधीच’ मात्र वडिलांनीच मागे घ्यायला हवं. कधीच, नेहमी, सगळे, एकही हे शब्द आले की विधान सार्वत्रिक होतं, आणि सार्वत्रिक विधान फार महागात पडतं. ते पाडायला एक अपवाद पुरतो, उभं करायला उदाहरणांचा ढीगही पुरत नाही. ऑयलर या गणितज्ञानं दाखवलेली एक गंमत बघा. एखादी संख्या घ्या, तिच्या वर्गात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. शून्य घेतलं तर ४१, एक घेतलं तर ४३, दोनला ४७, तीनला ५३. सगळ्या मूळ संख्या, म्हणजे एक आणि स्वतः यांच्याशिवाय कशानंच भाग न जाणाऱ्या. ३९ पर्यंत हे न चुकता चालतं. इतक्यांदा खरं ठरलेल्या गोष्टीवर बाजारात कुणीही पैसे लावेल. आणि ४० घेतलं की उत्तर येतं १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१. गोल्डबाख हा आणखी एक गणितज्ञ आणि ऑयलर यांच्या १७४२ च्या पत्रव्यवहारातलं एक अनुमान आहे, दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. संगणकांनी ते चारावर अठरा शून्यं इतक्या मोठ्या संख्येपर्यंत तपासलं, अपवाद मिळालेला नाही, तरी त्याला अजून कुणी प्रमेय म्हणत नाही. तिथे वडिलांच्या ‘कधीच’चा काय टिकाव लागणार?

पण इथेही पोट्टा अर्ध्यावर थांबला. ‘तू कधीच वेळेवर उठत नाहीस’ याचा नकार काय? ‘तू निदान एकदा वेळेवर उठला आहेस.’ बस, एवढाच. ‘मी वेळेवर उठतो’ हा त्याचा नकार नाही. ते दुसरं सार्वत्रिक विधान झालं, आणि ते खरं करून दाखवायची जबाबदारी आता त्याच्यावर, रोजच्या रोज. एका उशिरानं तेही पडतं. २६ जानेवारीच्या जोरावर त्याला फक्त २६ जानेवारीच मिळते. हे त्याला पुस्तकातल्या शब्दांत हवं असेल तर म्हणावं, ‘सर्वांसाठी’चा नकार ‘निदान एकासाठी नाही’ असा होतो, आणि परीक्षेत ‘कोणासाठीच नाही’ लिहिलंस तर गुण जातील. मराठीत तर हा घोटाळा रोज होतो. ‘सगळा अभ्यास झाला नाही’ असं मूल म्हणतं तेव्हा थोडा राहिलाय की मुळीच झाला नाही, हे त्या वाक्यावरून सांगता येत नाही. विचारून घ्यावं.

वडिलांसाठी एक नमुना सुचवते. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येची करामत शोधली. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा आणि आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा, उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य धरून. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतं. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. हे सार्वत्रिक विधान आहे आणि ते टिकतं, कारण अपवाद सुरुवातीलाच बाहेर ठेवलाय. ‘चारही अंक सारखे नसलेली’ हे शब्द गाळले, तर ४४४४ येऊन सगळं पाडते, कारण पहिल्याच वजाबाकीत शून्य. वडिलांनीही बोलताना तेवढी काळजी घ्यावी. ‘या आठवड्यात चार दिवस तू साडेआठनंतर उठलास’ म्हणावं. हे तपासता येतं आणि याला पाडायला जानेवारीतली सकाळ कामाला येत नाही.

टॉपरवालं वाक्य ही त्याची सरळसरळ चूक आहे, अर्धीमुर्धी नाही. ‘जो टॉपर, तो जागतो’ यावरून ‘जो जागतो, तो टॉपर’ निघत नाही. सीताबर्डीला उतरला म्हणून गाडी बदलली म्हणण्यासारखंच झालं. शिवाय पहिलं वाक्य तरी खरं कशावरून? दहाला झोपणारा एक टॉपर दाखवला की तेही गेलं. कागदावर हाच प्रश्न आला तर तो चुकणार नाही. स्वतःच्या बाबतीत चुकला. तुम्ही फक्त विचारा, ‘यातलं मूळ विधान कोणतं आणि व्यत्यास कोणता?’ आणि स्वयंपाकघरात निघून जा. उत्तराची वाट बघत उभं राहू नका, त्याला शोधू द्या.

आता टेस्ट. इतक्या मोठ्या पत्रात ही गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकलीत. माझ्या लेखी बाकीचं सगळं पत्र एका बाजूला आणि ती ओळ एका बाजूला.

‘मी दिलेल्या प्रत्येक टेस्टमध्ये पास आहे’ हे वाक्य, एकही टेस्ट न दिलेल्या मुलाच्या तोंडी, गणिताच्या नियमानं खरंच ठरतं. ते पाडायचं तर त्यानं दिलेली आणि नापास झालेली एक तरी टेस्ट दाखवावी लागेल, आणि दिलेलीच नाही तर दाखवणार कुठून? जिथे काहीच नाही, तिथली ‘प्रत्येक’ची विधानं अशी आपोआप खरी होतात. आता नेहमीप्रमाणे उरलेला अर्धा. त्याच नियमानं, त्याच दिवशी, ‘मी दिलेल्या प्रत्येक टेस्टमध्ये नापास आहे’ हेही तितकंच खरं होतं. ‘प्रत्येक टेस्टमध्ये पैकीच्या पैकी’ हेही खरं, ‘प्रत्येकीत भोपळा’ हेही खरं. पास म्हणा, नापास म्हणा, दोन्ही ज्या ठिकाणी खरं ठरतं, तिथल्या वाक्यातून टेस्टबद्दल तुम्हाला काडीइतकीही माहिती मिळत नाही. मिळू नये म्हणूनच ते निवडलं होतं.

वाक्य खरं आणि बोलणारा खोटा असं होऊ शकतं. ट्रुथ टेबलात याला रकाना नाही, तिथे वाक्य कुणी, कुणाला, कशासाठी सांगितलं हे विचारतच नाहीत. घरात पहिलं तेच विचारतात. तेव्हा ‘तू गणिताप्रमाणे बरोबर होतास आणि मला फसवलंस, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत’ हे त्याला स्पष्ट शब्दांत सांगा. पहिल्या भागाचं श्रेय द्या, दुसऱ्याचं देऊ नका. बाकी चहा-दुधाच्या गमतीत आणि या वाक्यात तुम्ही फरक केला नाहीत, तर तोही करणार नाही.

यापुढे त्याच्याकडून ‘प्रत्येक’ किंवा ‘सगळे’ असं उत्तर आलं की लगेच अस्तित्वाचा प्रश्न टाका. अशी एक तरी आहे का? किती आहेत? टेस्ट किती झाल्या, त्यातल्या किती दिल्यास? ‘सरांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली’ म्हणाला, तर विचारले किती होते? ज्या वाचकांची मुलं अजून आठवी-नववीत आहेत त्यांनीही हा प्रश्न जिभेवर ठेवावा. मोठ्यांनाही तो उपयोगी पडतो. ‘आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही’ असं सांगणाऱ्या नव्या दुकानदाराला, आजवर गिऱ्हाइकं किती आली, हे विचारायला काय हरकत आहे?

टेस्ट का देत नाही, याबद्दल माझा एक अंदाज आहे, सिद्धता माझ्याकडे नाही. हा धडा त्याला मनापासून आवडलाय आणि चांगला समजलाय, हे त्याच्या प्रत्येक वाक्यातून दिसतं. बारावीचं बाकीचं गणित, इंटिग्रेशन वगैरे, असं गप्पांत वापरता येत नाही. जे येतं त्याचा घरभर गाजावाजा आणि जे येत नाही तिथे गैरहजेरी, असं पुष्कळ मुलांचं होतं. तसं असेल तर तो तुमच्याशी भांडतोय कमी आणि घाबरलाय जास्त. तसं नसेल तर काय आहे ते शोधावं लागेल. पण ते त्याला विचारल्याशिवाय कळणार नाही, आणि तुम्ही तर गप्प बसलात.

तुमच्याही दोन-तीन वाक्यांना हात लावते, रागवू नका. ‘गणितानं वाया चालला.’ लॉजिकचा धडा जूनमध्ये आला आणि त्रासही जूनमध्ये सुरू झाला, हे खरं. त्याच जूनमध्ये बारावीही सुरू झाली. पाठोपाठ आलं म्हणून त्यामुळेच आलं असं होत नाही. ‘बोलू द्यावं की तोंड बंद करावं?’ हे दोनच पर्याय कुणी ठरवले? आणि ‘मला त्याच्या भाषेत उत्तर देता येत नाही, म्हणून गप्प बसते.’ वरचं इथपर्यंत वाचलंत आणि समजलं असेल, तर या वाक्याचा पक्ष आता खोटा झाला. बीए झालेल्या बाईला न समजण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. ज्या जॉर्ज बूलच्या नावानं हे तर्काचं बीजगणित ओळखलं जातं, त्याचं पुस्तक १८५४ चं. त्याची बायको मेरी ही त्या काळी विद्यापीठात न शिकलेली. मुलांना गणित खेळातून कसं शिकवावं यावर तिनं पुढे पुस्तकं लिहिली. ती जॉर्ज एव्हरेस्टची पुतणी, म्हणजे तुमच्या नागपूरच्या शून्य मैलाच्या दगडाचा संबंध ज्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी सांगतात, त्याच्या एके काळच्या प्रमुखाची. ‘आणि’चा नकार ‘किंवा’ कसा होतो हा नियम ज्याच्या नावानं शिकवतात, तो डी मॉर्गन १८०६ साली आपल्याकडच्या मदुराईत जन्मला. उगीच आठवलं म्हणून सांगितलं.

दोन लगावण्याबद्दल फार लिहीत नाही. त्यानं मुलाचं वाक्य खोटं ठरत नाही, वडिलांकडे उत्तर नव्हतं एवढं मात्र ठरतं. आजींच्या सल्ल्यात तथ्य आहे, पण तो चहा-दुधापुरता पाळा, टेस्टच्या बाबतीत नाही.

मी काय केलं असतं? त्याला शिकवायला बसवलं असतं. ‘मला तुझा धडा समजावून सांग’ म्हणा आणि पुस्तकाऐवजी घरातली बटणं पुढे करा. या धड्यात स्विचिंग सर्किट आहेतच. बटणांची जोडणी आणि तर्काची विधानं एकाच गणितानं चालतात, हे क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञानं १९३७ साली एमआयटीतल्या प्रबंधात मांडलं. कूलरचा पंप चालायला भिंतीवरचं बटण चालू हवं आणि कूलरवरचं पंपाचं बटणही चालू हवं. हे ‘आणि’, एकामागे एक जोडलेलं. फाटकावर एक आणि दारावर एक अशी दोन बटणं असलेल्या घंटीचं कोणतंही बटण दाबा, ती वाजते, दोन्ही दाबली तरी वाजते. हा त्याचा ‘किंवा’. आता जिन्यातला दिवा. खाली एक बटण, वर एक. दोन्ही बटणं एकाच बाजूला असली की दिवा बंद, एक इकडे आणि एक तिकडे असलं की चालू. वायरमननं उलटं जोडलं असेल तर याच्या उलट, पण चाल तीच. दोघं जिन्यात उभे राहा, एक वर, एक खाली. चारही जोड्या करून बघा आणि त्याला वहीत चार ओळींचा तक्ता भरायला लावा. दोन्ही मिळून चालत नाही, दोहोंतलं नेमकं एकच चालतं, असा हा ‘किंवा’ आहे. पुढच्या वेळी ‘चहा घे किंवा दूध घे’ म्हणाल तेव्हा ‘जिन्यातल्या दिव्याचा किंवा’ एवढं जोडलं की पुरे.

टेस्टचं बोलणं मात्र जिन्यात करू नका आणि गमतीत करू नका. त्याला विचारण्याआधी तुम्ही स्वतः क्लासमध्ये जाऊन झालेल्या टेस्टच्या तारखा आणि त्याची हजेरी लिहून आणा. तो घरी निवांत असताना, वडील समोर असले तरी बोलणार तुम्ही, असं आधी ठरवून घ्या. कागद पुढे ठेवा आणि ‘तू एकही टेस्ट देत नाहीस’ असं न म्हणता, ‘या तारखांना तू नव्हतास, त्यातली सगळ्यात अवघड कोणती वाटली?’ इथून सुरुवात करा. त्यानं एका धड्याचं नाव घेतलं की त्या दिवशी बाकीचे विषय काढू नका. त्या धड्यासाठी क्लासचे सर किंवा कॉलेजातल्या मॅडम वेगळा वेळ देतील का, ते दुसऱ्याच दिवशी विचारून या, आणि पुढची टेस्ट कधी आहे तेही.